पासवर्ड बरोबर, घड्याळ चूक

झाशीच्या नगरा भागात सूर्य माथ्यावर येतो तेव्हा घड्याळात सरासरीने बारा वाजून पंधरा-सोळा मिनिटे झालेली असतात. भारतीय प्रमाणवेळ 82.5 अंश पूर्व रेखावृत्तावर बेतलेली आहे आणि झाशी त्याच्या पश्चिमेस सुमारे चार अंशांवर आहे. ही वेळ 1906 साली लागू झाली. त्याआधी रेल्वे मद्रासची वेळ पाळत असे. तीही झाशीच्या सूर्यापुढे सहा-सात मिनिटे धावे.

समजा, याच भागातील एका संस्थेच्या लिनक्स सर्व्हरवर सकाळपासून कोणालाच प्रवेश मिळत नाही. पासवर्ड बरोबर, नेटवर्क सुरळीत. प्रमाणीकरणाची सेवा पुन्हा सुरू केली जाते, पासवर्ड बदलले जातात, उपयोग शून्य. नोंदवही उघडली की मात्र एकच तक्रार दिसते: घड्याळांत फार अंतर आहे. कर्बेरॉस ही प्रणाली साधारणपणे पाच मिनिटांचाच फरक सोसते. नगऱ्याचा सूर्यच काय, जुन्या रेल्वेची वेळसुद्धा तिने नाकारली असती.

प्रवेशाच्या दाराशी घड्याळ कोणी आणून ठेवले? 1978 मध्ये नीडहॅम आणि श्रोडर यांनी नेटवर्कवर ओळख पटवण्याची जी पद्धत मांडली, तीत वेळेला स्थान नव्हते. डेनिंग आणि साको यांनी 1981 मध्ये तिचे वर्म दाखवले: एखादी जुनी सत्र-किल्ली चोराच्या हाती लागली, तर जुना संदेश पुन्हा पाठवून तो आत शिरू शकतो. उपाय म्हणून संदेशावर वेळेचा शिक्का मारावा, असे त्यांनी सुचवले. एमआयटीच्या अथीना प्रकल्पातून निघालेल्या कर्बेरॉसने तोच शिक्का स्वीकारला. तेथे परवान्याला तिकीटच म्हणतात, आणि रेल्वेच्या तिकिटाप्रमाणे त्यालाही मुदत असते.

पुढे बेलोविन आणि मेरिट यांनी आक्षेप घेतला की, घड्याळ फसवता आले तर ओळखही फसवता येईल. हा आक्षेप मला आजही रास्त वाटतो. भारतात सर्ट-इनने एप्रिल 2022 मध्ये संगणकांची घड्याळे राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या किंवा एनआयसीच्या वेळेशी जुळवण्याचा निर्देश दिला, तेव्हा मला त्याचीच आठवण झाली.

आपल्याकडील नेहमीची चूक साडेपाच तासांची असते. यंत्राचा कालविभाग जागतिक वेळेवर राहिलेला असतो आणि कोणीतरी भिंतीवरचे घड्याळ पाहून हाताने वेळ लावतो. पडद्यावर सारे बरोबर दिसते. पण तिकिटावर जागतिक वेळ असते, आणि ती साडेपाच तास पुढे गेलेली असते. म्हणून आधी टाइमडेटसीटीएल ही आज्ञा देऊन कालविभाग तपासावा, मग क्रोनीचा अहवाल पाहावा. एवढे मोठे अंतर क्रोनी चालू अवस्थेत सहसा एका उडीत भरून काढत नाही, घड्याळ हळूहळू सरकवत राहते. त्यात दोन-तीन दिवसही जाऊ शकतात. तेव्हा मेकस्टेप ही आज्ञा देऊन ते एकदम जागेवर आणावे आणि नवे तिकीट मागावे.