टीकांची पारख : स्पर्जन यांची १८७६ ची ग्रंथसूची

मराठीत ‘टीका’ ह्या शब्दाने दोन अर्थ धारण केले आहेत. प्राचीन परंपरेत टीका म्हणजे मूळ ग्रंथाचा अर्थ उलगडून दाखविणारी रचना. ज्ञानेश्वरी ही गीतेवरील टीका होय, असे म्हटले जाते ते ह्याच अर्थाने. आधुनिक व्यवहारात मात्र गुणदोषांचे, त्यातही विशेषतः दोषांचे, दिग्दर्शन हा अर्थ प्रबळ झाला. हे दोन्ही अर्थ एकत्र नांदताना पाहावयाचे असतील, तर चार्ल्स हॅडन स्पर्जन यांचा ‘कॉमेंटिंग अँड कॉमेंटरीज’ हा १८७६ मध्ये लंडन येथे प्रसिद्ध झालेला ग्रंथ पाहावा. बायबलवरील टीकाग्रंथांवर लिहिलेली ती टीका आहे.

स्पर्जन (१८३४–१८९२) यांना विद्यापीठीय शिक्षण लाभले नव्हते. १८५४ पासून ते लंडनमधील एका बॅप्टिस्ट मंडळीचे पाळक होते आणि १८६१ मध्ये मेट्रोपॉलिटन टॅबरनॅकल हे त्या मंडळीचे विशाल प्रार्थनागृह उभे राहिले. १८५६ मध्ये त्यांनी भावी धर्मोपदेशकांसाठी एक महाविद्यालय सुरू केले. त्यात येणारे बरेचसे विद्यार्थी सामान्य स्थितीतील होते. पुढे लहानशा गावी, तुटपुंज्या वेतनावर त्यांना दर आठवड्यास प्रवचने करावयाची असत. अशा माणसाने एखादा निरुपयोगी ग्रंथ विकत घेतला, तर त्याचा परिणाम केवळ फळीवरची जागा अडण्यापुरता राहत नसे. आवश्यक ग्रंथ घेण्याचे त्याचे सामर्थ्यच त्यात खर्ची पडे. ग्रंथनिवडीचा प्रश्न स्पर्जन यांच्या दृष्टीने म्हणूनच निकडीचा होता.

ग्रंथाच्या आरंभी दोन व्याख्याने आहेत आणि त्यांच्यामागून बायबलच्या पुस्तकांच्या क्रमाने रचलेली सूची येते. तीन ते चार हजार ग्रंथ पाहून त्यांतील सुमारे चौदाशे नोंदींची निवड करण्यात आली. प्रत्येक नोंदीस एकदोन वाक्यांचा अभिप्राय जोडलेला आहे. कित्येक अभिप्राय मिस्किल आहेत. ह्या सूचीची सर्वांत उपयुक्त सोय मुद्रणात आहे. उत्तम ग्रंथांची नोंद मोठ्या टंकात, साधारण बऱ्या ग्रंथांची मध्यम टंकात आणि कमी प्रतीच्यांची लहान टंकात केलेली आहे. त्यामुळे अभिप्राय वाचण्यापूर्वीच वाचकाच्या डोळ्यांना ग्रंथांची प्रतवारी कळते.

पहिल्या व्याख्यानात अग्रमान मॅथ्यू हेन्री (१६६२–१७१४) यांना दिला आहे. त्यांची टीका प्रत्येक उपदेशकाने निदान एकदा संपूर्ण वाचावी, आणि महाविद्यालय सोडल्यावर वर्षाच्या आत वाचून काढावी, असा स्पर्जन यांचा आग्रह होता. हेन्री यांची लेखणी प्रेषितांच्या कृत्यांपर्यंत पोहोचली आणि त्यांचे निधन झाले. उर्वरित भाग इतर धर्मोपदेशकांनी पूर्ण केला. परंतु एकाच टीकाकारावर विसंबणे स्पर्जन यांना मान्य नव्हते. कॅल्व्हिन यांच्याकडून मूळ लेखकाचा आशय नेमकेपणाने आणि थोडक्यात सांगण्याची शिस्त शिकावी, जॉन गिल यांच्याकडून यहूदी पंडितांच्या परंपरेचे ज्ञान घ्यावे, जॉन ट्रॅप यांच्याकडून चटकदार, मार्मिक वचने घ्यावीत, बेंगेल यांच्या १७४२ च्या ‘ग्नोमोन’कडे ग्रीक शब्दांच्या सूक्ष्म विचारासाठी वळावे, पाठचिकित्सेसाठी आल्फर्ड यांचा ग्रीक नवा करार जवळ ठेवावा. प्रत्येक ग्रंथाकडून काय मागावयाचे आणि काय मागावयाचे नाही, हे ठरविणे हाच ह्या निवडीचा गाभा आहे.

ह्या विवेचनाचा रोख दोन परस्परविरोधी प्रवृत्तींवर आहे. आपणांस थेट ईश्वरी प्रकाश लाभतो, तेव्हा पूर्वसूरींचे साहाय्य कशाला, असे मानणारा उपदेशक ही एक. दुसरी, टीकाकारांच्या नावांचे आणि मूळ भाषांतील शब्दांचे व्यासपीठावर प्रदर्शन मांडणाऱ्या उपदेशकाची. सत्यासाठी आवश्यक असेल तेथे प्रचलित भाषांतर सुधारावे, परंतु विद्वत्ता मिरविण्यासाठी त्यास हात लावू नये, असे त्यांचे सांगणे होते.

ग्रंथ सुचविणे एक, तो गरिबाच्या हाती पडणे दुसरे. स्पर्जन यांच्या पत्नी सुझॅना यांनी १८७५ मध्ये, साठवलेल्या नाण्यांतून, पतीच्या विद्यार्थ्यांपुढील व्याख्यानांच्या संग्रहाच्या शंभर प्रती गरजू उपदेशकांस पाठविल्या. त्यातूनच ‘बुक फंड’ उभा राहिला. दीर्घकाळ आजारी असतानाही त्यांनी तो चालविला आणि १८८६ मध्ये त्याच्या पहिल्या दहा वर्षांचा वृत्तान्त पुस्तकरूपाने मांडला. पतीच्या सूचीला पत्नीच्या ह्या उद्योगाची जोड मिळाली नसती, तर कित्येकांच्या बाबतीत तिचा उपयोग वाचण्यापुरताच उरला असता.

ह्या सूचीस मर्यादा आहेत. स्पर्जन यांचा कल उघडपणे कॅल्व्हिनपंथी आहे आणि त्यांची पसंती त्या रंगाने रंगलेली आहे. शिवाय भाषाविषयक ज्ञान त्यांच्यानंतर फार पुढे गेले. १८९५ मध्ये डाइसमान यांनी ईजिप्तमधील ग्रीक पपायरसांच्या आधारे नव्या कराराच्या ग्रीकचे लोकभाषेशी असलेले नाते दाखविले. १९४७ पासून कुमरान येथील हस्तलिखितांनी हिब्रू पाठाचा इतिहास सुमारे हजार वर्षे मागे नेला. म्हणून शब्दार्थ आणि पाठ ह्यांबाबत जुन्या टीकेवर विसंबता येत नाही. आशयविवरण आणि उपदेश ह्यांबाबत मात्र ती लवकर जुनी होत नाही. संग्राहकाने ग्रंथाचे वय पाहताना हा भेद ध्यानी ठेवावयास हवा.

मराठीतही बाबा पदमनजी (१८३१–१९०६) यांनी नव्या करारावर टीका लिहिली. मराठी वाचकासाठी असा संग्रह जमविणाऱ्यास निवडीस वाव इंग्रजीइतका नाही. पण प्रत्येक ग्रंथास त्याचे नेमके काम नेमून देण्याची स्पर्जन यांची रीत तेथेही लागू पडते. स्वतः स्पर्जन यांच्याजवळ सुमारे बारा हजार ग्रंथ होते. त्यांपैकी पाच हजारांहून अधिक १९०६ मध्ये अमेरिकेतील मिसूरी येथील विल्यम ज्यूवेल महाविद्यालयाने विकत घेतले. त्यांचा संग्रह असा विखुरला. विद्यार्थ्यांस मात्र त्यांनी शेकडो ग्रंथ जमविण्यास सांगितले नाही. थोडे, पण पारखून घेतलेले आणि खरोखर वाचलेले ग्रंथ जवळ असावेत, हाच त्यांच्या सूचीचा निष्कर्ष होय.