पतसंस्थांचा पाया घालणारा जर्मन न्यायाधीश : हर्मान शुल्त्से-डेलिच

अर्बन बँकेत किंवा पतसंस्थेत कर्ज घ्यायला गेलं, की आधी शेअर घेऊन सभासद व्हावं लागतं. हा नियम आला कुठून? त्याची मुळं शोधत गेलं की आपण पोहोचतो जर्मनीतल्या डेलिच या छोट्याशा गावात.

हर्मान शुल्त्से यांचा जन्म याच गावात २९ ऑगस्ट १८०८ रोजी झाला. लाइपझिग आणि हाले इथे कायद्याचं शिक्षण घेऊन १८४१ मध्ये ते गावातच न्यायाधीश झाले. १८४६-४७ मध्ये पीक बुडालं आणि धान्य महागलं, तेव्हा त्यांनी गावकऱ्यांची समिती उभी करून गरिबांना स्वस्तात भाकरी मिळण्याची सोय केली.

१८४८ च्या क्रांतीनंतर ते प्रशियाच्या राष्ट्रीय सभेवर निवडून गेले. सभेत शुल्त्से आडनावाचे बरेच जण असल्यामुळे त्यांच्या नावापुढे गावाचं नाव जोडलं गेलं, ते कायमचं. तिथे कारागिरांच्या तक्रारी तपासणाऱ्या समितीचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं. कारखान्यांच्या मालापुढे सुतार आणि चांभार टिकत नव्हते. कच्चा माल उधारीवर घ्यायचा तर भाव चढा, आणि तारण नसल्यामुळे बँक दारात उभं करत नव्हती.

एकट्याची नाही, सगळ्यांची पत

१८४९ मध्ये त्यांनी डेलिचमधल्या सुतारांना आणि चांभारांना एकत्र येऊन घाऊक भावात माल घ्यायला लावलं. १८५० मध्ये कर्ज देणारी संस्था सुरू झाली. सुरुवातीला तिला श्रीमंतांच्या मदतीचा आधार होता. पण १८५२ मध्ये त्यांनी ती पूर्णपणे सभासदांच्या पैशावर उभी केली. प्रत्येकाने थोडं थोडं भांडवल भरायचं आणि संस्थेच्या कर्जाला सगळ्यांनी मिळून जबाबदार राहायचं. एकट्या चांभाराला कोणी पैसे देत नव्हतं, पण शंभर जणांच्या हमीवर मिळत होते.

या राजकारणाची किंमतही त्यांनी मोजली. सरकारला कर देऊ नका, या राष्ट्रीय सभेच्या ठरावाला साथ दिल्याबद्दल त्यांच्यावर खटला झाला. त्यात ते निर्दोष सुटले, पण त्यांची बदली दूरच्या पोझन प्रांतात झाली. अखेर १८५१ मध्ये त्यांनी नोकरी सोडली आणि पुढचं आयुष्य सहकाराला वाहिलं.

सरकारी पैसा घ्यायचा की नाही?

१८६३ च्या सुमारास कामगार नेते फर्डिनांड लासाल यांच्याशी त्यांचा मोठा वाद झाला. कामगारांच्या संस्थांना सरकारने भांडवल द्यावं, असं लासाल म्हणत. शुल्त्से यांचं मत उलट होतं : पैसा सरकारचा आला, की हुकूमही सरकारचाच चालणार. सहकारी संस्थांना कायदेशीर मान्यता देणारा प्रशियाचा १८६७ चा कायदा त्यांच्याच प्रयत्नांतून आला. २९ एप्रिल १८८३ रोजी पॉट्सडाम इथे त्यांचं निधन झालं.

भारताशी नातं

मद्रास सरकारचे अधिकारी फ्रेडरिक निकल्सन यांनी युरोपातल्या अशा बँकांचा अभ्यास करून अहवाल दिला. पुढे १९०४ मध्ये भारतात सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. त्यात ग्रामीण संस्थांसाठी रायफायझन यांचा नमुना होता, तर शहरी संस्थांसाठी शुल्त्से-डेलिच यांचा. आजच्या अर्बन बँका या दुसऱ्या वाटेवरच्या.

महाराष्ट्रात पुढे सहकारी साखर कारखान्यांना सरकारी भागभांडवल मिळालं, आणि त्यासोबत सरकारी हस्तक्षेपाची चर्चाही आली. लासाल आणि शुल्त्से यांचा तो जुना वाद इथे अजून मिटलेला नाही.