शांबरिक खरोलिका आणि घरची तबकडी

एखाद्या वडीलधाऱ्या माणसाचें सहस्रचंद्रदर्शन किंवा कोणाच्या लग्नाची पन्नाशी आली, कीं घरांतील जुनीं छायाचित्रें गोळा करावयाचीं, तीं क्रमानें लावावयाचीं, त्यांस गाण्यांची जोड द्यावयाची, खालीं नांवें व सालें घालावयाचीं, आणि हें सर्व एका तबकडीवर उतरवून जमलेल्या आप्तेष्टांस दाखवावयाचें, असा परिपाठ मुंबईच्या उपनगरांत या शतकाच्या आरंभीं पडला. आतां तबकडीची जागा मोबाईलनें घेतली असली तरी परिपाठ मोडलेला नाहीं. ही कला संगणकाबरोबर आली, अशी पुष्कळांची समजूत आहे. तिचा इतिहास पाहूं गेल्यास मात्र असें दिसतें कीं, संगणकानें आणलें तें केवळ साधन; कला आपल्या घरचीच व बरीच जुनी आहे. तो इतिहास येथें थोडक्यांत सांगावयाचा आहे. कारण त्यांत जी गोष्ट सदैव मुख्य होती तीच आपण तबकडी करतांना गाळली, आणि त्याची किंमत निदान आमच्या घरानें तरी मोजली आहे.

चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा 'मानसोल्लास' हा ग्रंथ बाराव्या शतकांतला. चित्रें दाखवून कथा सांगणाऱ्या 'चित्रकथका'चा उल्लेख त्यांत आलेला आहे. त्याच परंपरेचा एक जिवंत धागा सिंधुदुर्ग जिल्ह्यांत कुडाळजवळच्या पिंगुळी गांवीं अद्याप पाहावयास मिळतो. तेथील ठाकर समाजाच्या चित्रकथींजवळ रामायण-महाभारतांतील प्रसंगांचीं, कागदावर रंगविलेलीं चित्रें पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलीं आहेत. एका आख्यानाच्या चित्रसंचास ते 'पोथी' म्हणतात. कथेकरी एकेक चित्र पुढें उभें धरतो, गातो, मध्येंच गद्यांत सांगूं लागतो, आणि वीणा, हुडूक व टाळ यांची साथ चालू असते. याच कलेसाठीं पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांस २०२१ सालीं पद्मश्री मिळाली. चित्र, संगीत व शब्द हे तीनही घटक येथें आहेत. परंतु त्यांत धनीपणा कोणाकडे आहे, तेंही लक्षांत घेतलें पाहिजे. चित्र किती वेळ समोर राहावयाचें हें कथेकरी ठरवितो. श्रोत्यानें शंका काढली तर चित्र थांबतें. चित्रासाठीं बोलणें आंखडतें घेतलें जात नाहीं.

दुसरा धागा युरोपांतला. डच शास्त्रज्ञ ह्यूगेन्स यानें १६५९ च्या सुमारास दिवा, भिंग आणि चित्रित काच यांची सांगड घालून भिंतीवर मोठी प्रतिमा पाडणारें यंत्र तयार केलें. हाच 'मॅजिक लँटर्न', अर्थात् जादूचा कंदील. एकोणिसाव्या शतकांत त्यांत दोन सुधारणा झाल्या. तापवून शुभ्र प्रकाश देणाऱ्या चुन्याच्या कांडीमुळें मोठ्या सभागृहांतहि चित्र स्पष्ट दिसूं लागलें. आणि दोन कंदील एकाच जागीं रोखून एकाचा प्रकाश मंदावत व दुसऱ्याचा वाढवीत नेला असतां पहिलें चित्र विरून दुसरें उमटूं लागलें. आज संगणकावर एक कळ दाबून आपण दोन छायाचित्रांमध्यें जो मिलाफ साधतों, तो मुळांत या दोन दिव्यांचा खेळ होय.

हा कंदील ज्या मराठी माणसानें खऱ्या अर्थानें आपलासा केला, ते कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन. मदनराव माधव पितळे यांच्या सहकार्यानें त्यांनीं यंत्रांत सुधारणा केली आणि १८९२ सालीं आपले खेळ सुरू केले. खेळास नांव दिलें 'शांबरिक खरोलिका'. शंबर हा पुराणांतला मायावी असुर. 'शांबरी विद्या' हा शब्दप्रयोग आपल्या परिचयाचा आहे. तेव्हां 'शांबरिक खरोलिका' म्हणजे मायेचा दीप. परकी यंत्राचें नुसतें भाषांतर न करतां त्यास पुराणाचें कुळ मिळवून देणारें हें नांव योजणाऱ्याच्या रसिकतेची साक्ष देतें. रामायण-महाभारतांतील आख्यानें काचांवर हातानें रंगविलेलीं असत. एका हालचालीच्या निरनिराळ्या अवस्था निरनिराळ्या काचांवर काढून, एकाहून अधिक दिव्यांच्या योगानें त्या एकमेकींत मिसळल्या जात, आणि पडद्यावरील पात्र हलल्याचा भास होई. जोडीला निवेदन व संगीत असे. पटवर्धनांचे पुत्रहि या उद्योगांत होते, आणि ही मंडळी खेळ घेऊन गांवोगांव हिंडत. कल्याण १८५४ मध्यें मुंबईशीं लोहमार्गानें जोडलें गेलें होतें. पुढें १८६३ त भोर घाट व १८६५ त कसारा घाट खुला झाल्यावर दोहों दिशांच्या वाटा तेथूनच फुटूं लागल्या. काचेचा नाजूक संभार घेऊन फिरणाऱ्यास असें गांव सोयीचेंच.

७ जुलै १८९६ रोजीं मुंबईच्या वॉटसन हॉटेलांत ल्युमिएर बंधूंचीं चलच्चित्रें दाखविलीं गेलीं, आणि ३ मे १९१३ रोजीं गिरगांवांतील कॉरोनेशन चित्रगृहांत दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढें आला. भासमान हालचालीवर उभा असलेला खेळ प्रत्यक्ष हालचालीपुढें टिकणें कठीण होतें. खरोलिकेच्या कांहीं काचा आज जतन केलेल्या आहेत. त्यांवरील रंग आपण पाहूं शकतों. परंतु त्या काचा दिव्यापुढें धरून जे शब्द बोलले गेले ते हवेंत विरले. याचा दोष कोणास देतां येणार नाहीं. हिंदुस्थानांत ग्रामोफोनसाठीं व्यापारी ध्वनिमुद्रण १९०२ सालीं सुरू झालें, आणि त्यानंतरहि कित्येक वर्षें स्वतःचा आवाज मुद्रित करून ठेवणें सामान्य माणसाच्या आवाक्यांत नव्हतें.

आमच्या बाबतींत ही सबब चालण्यासारखी नाहीं.

२००५ सालीं मुलुंड येथें माझ्या थोरल्या काकांचें सहस्रचंद्रदर्शन होतें. बाहेरून तबकडी करवून घेण्याचा खर्च जास्त वाटला, म्हणून ती घरींच करावी असें ठरलें. कोरी तबकडी दहा-पंधरा रुपयांस मिळे. चित्रें जुळविण्याचा 'मूव्ही मेकर' हा कार्यक्रम संगणकाबरोबरच आलेला होता. छायाचित्रें संगणकांत उतरवून घेण्याचें यंत्र शेजाऱ्यांनीं दोन दिवस वापरावयास दिलें. हिशेब सरळ होता: तीन गाणीं मिळून बारा मिनिटें, म्हणजे ७२० सेकंद, प्रत्येक चित्रास ५ सेकंद दिल्यास १४४ छायाचित्रें बसतात. अडचण दोन ठिकाणीं आली. व्हीसीडी या १९९३ सालच्या मानकाप्रमाणें पडद्यावरील चित्र आडवें ३५२ व उभें २८८ बिंदूंचें. दहा माणसें एका ओळींत उभीं असतील तर प्रत्येकाच्या वाट्यास पस्तीस बिंदु येणार. चेहरे ओळखूं येईनात. म्हणून समूहचित्रांचे तुकडे पाडावे लागले. दुसरी अडचण अक्षरांची. त्या कार्यक्रमांत मराठी अक्षरांच्या जागीं रिकामे चौकोन उमटत. शेवटीं पुतण्यानें कागदाच्या पट्ट्यांवर सुवाच्य अक्षरांत नांवें लिहिलीं आणि त्या पट्ट्यांचींच चित्रें घेतलीं. खरोलिकेच्या हातानें रंगविलेल्या काचेशीं आमचें नातें जुळलें तें असें, निरुपायानें.

समारंभास घर भरलें होतें. काकांची स्मृति त्या सुमारास क्षीण झाली होती. परंतु त्यांच्या पाठची बहीण, आमची आत्या, अगदीं पुढें बसली होती, आणि तिला सर्व कांहीं आठवत होतें. चित्र येई, ती सांगूं लागे, आणि पांच सेकंद सरत. गाण्याचा आवाजहि मोठा होता. १९४१ सालचें एक छायाचित्र आलें; टांग्यापुढें चार तरुण उभे आहेत. "अरे, हा मधला टोपीवाला—" इतकें ती बोलली आणि चित्र गेलें. "थांबवा रे जरा," असें ती म्हणाली. त्यावर, "आत्या, आधीं सगळें बघूं, मग तूं सांग," असें मींच तिला म्हटलें. नंतर पानें मांडलीं गेलीं आणि तें सांगणें राहून गेलें. दोन वर्षांनीं आत्याच गेली.

पुढें कांहीं वर्षांनीं ती तबकडी लावून पाहिली, तेव्हां ती चालेना. असल्या तबकडींत माहिती सेंद्रिय रंगद्रव्याच्या पातळ थरांत कोरलेली असते. ऊन, उष्णता व दमट हवा यांनीं तो थर बिघडतो. आणि लिहिण्याच्या बाजूस परावर्तक पत्रा केवळ लाखेच्या पापुद्र्याखालीं असल्यामुळें तिकडचा ओरखडाहि घातक ठरतो. मुंबईच्या हवेंत स्वस्त तबकडी वर्षानुवर्षें टिकेल, ही अपेक्षाच चुकीची होती. पण तबकडी गेल्याचें मला फारसें दुःख नाहीं. मूळ छायाचित्रें आहेत, पट्ट्या आहेत. उद्यां नवी चित्रमाला करतां येईल. आत्याचें बोलणें मात्र पुन्हा करतां येणार नाहीं. १९०२ पूर्वीं जें अशक्य होतें तें २००५ सालीं एका साध्या टेपरेकॉर्डरवर झालें असतें, आणि तो टेपरेकॉर्डर त्याच खोलींत कपाटावर होता.

चित्रकथीच्या पोथींत व पटवर्धनांच्या खेळांत चित्र हें निवेदकाच्या हातांतलें साधन होतें. आपण निवेदकाच्या जागीं दुसऱ्याच कोणासाठीं लिहिलेलें गाणें बसविलें, आणि घरच्या माणसास उगी राहावयास सांगितलें. काटकसर करणाऱ्यानेंहि हा हिशेब पाहावा: या सर्व खटाटोपांत एकही पैसा न लागणारी वस्तु कोणती असेल, तर ती घरांतल्या वृद्ध माणसाचा आवाज. तेव्हां खर्च आंखडावयाचा असेल तर गाणीं गाळावीं. आधीं छायाचित्रें त्यांच्या हातांत देऊन, तीं जितका वेळ घेतील तितका घेऊं द्यावा, तें बोलणें मुद्रित करून दोन ठिकाणीं ठेवावें, आणि चित्रांचा क्रम त्या बोलण्यावरून लावावा.

बिस्किटांच्या एका डब्यांत त्या पट्ट्या मीं जपून ठेवल्या आहेत. टांग्याच्या छायाचित्राची पट्टी 'काका व मित्र, १९४१' एवढेंच सांगते. मधला टोपीवाला कोण, हें आतां आमच्या घरांत कोणासहि ठाऊक नाहीं.