पूना, मिंटोनेट आणि जालन्याचं नेट

व्हॉलीबॉलचं पहिलं नाव मिंटोनेट होतं. ते ठेवणारा विल्यम मॉर्गन हा अमेरिकन फुटबॉल खेळलेला गडी. मिंटोनेट हा शब्द बॅडमिंटनवरून पाडला असं मानतात आणि बॅडमिंटनला हिंदुस्थानातले इंग्रज एकेकाळी 'पूना' म्हणत. ही माहिती वेगवेगळ्या ठिकाणी वाचली होती. एकापुढे एक ठेवली तेव्हा मात्र मी हरखून गेलो. जालना जिल्ह्यातल्या अंबड-घनसावंगीच्या गावात पोरं संध्याकाळी जे नेट बांधतात, त्याची दोरी मॅसॅच्युसेट्सला वळसा घालून पुण्याच्या छावणीत पोचते का? माझ्या मते पोचते.

आधी फुटबॉलचं बघू. १८६९ मध्ये रटगर्स आणि प्रिन्स्टन ही कॉलेजं भिडली. १८८० मध्ये वॉल्टर कॅम्पने दोन्ही संघांनी समोरासमोर उभं राहून भिडायची ती प्रसिद्ध रेषा आणली. १२ नोव्हेंबर १८९२ ला पिट्सबर्गमध्ये पज हेफेलफिंगरला एका सामन्याचे ५०० डॉलर मिळाले आणि पैशाचा फुटबॉल सुरू झाला. एवढं बहुतेकांना ठाऊक असतं.

कमी सांगितली जाते ती स्प्रिंगफील्डची गोष्ट. तिथे वायएमसीए या ख्रिस्ती तरुण संघटनेची व्यायामशिक्षक घडवणारी शाळा होती आणि तिचा फुटबॉल संघ एमॉस अलोंझो स्टॅगने बांधला होता. त्या संघात मधल्या जागेवर खेळायचा जेम्स नेस्मिथ. झटापटीत कान सोलवटून निघायचे म्हणून त्याने स्वतःपुरतं डोक्याला बांधायचं कवच तयार केलं होतं. डिसेंबर १८९० मध्ये हा संघ न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये, छताखाली, येलच्या आजी-माजी खेळाडूंशी खेळला आणि १६-१० असा हरला. पुढच्या वर्षी, फुटबॉलचा हंगाम संपल्यावर हिवाळ्यात पोरांना काय खेळवायचं या विवंचनेतून नेस्मिथने बास्केटबॉल काढला. नेस्मिथच्याच सांगण्यावरून मॉर्गन स्प्रिंगफील्डला शिकायला आला, फुटबॉल संघात खेळला, आणि शिक्षण आटोपून जवळच्या होलिओक गावात वायएमसीएचा व्यायामशिक्षक झाला.

१८९५ हे साल मला विशेष वाटतं. पेनसिल्व्हेनियातल्या लाट्रोब गावी याच वायएमसीएच्या पुढाकाराने फुटबॉल संघ उभा राहिला. ३ सप्टेंबरला जेनेट गावाविरुद्ध तो पहिला सामना खेळला आणि त्यासाठी जॉन ब्रॅलियर या तरुणाला १० डॉलर अधिक खर्च देऊन आणलं होतं. दोनच वर्षांत लाट्रोबचा सगळा संघ पगारी झाला, गाजला, आणि १९०९ पर्यंत संपलाही. त्याच १८९५ मध्ये त्याच संघटनेच्या होलिओकच्या शाखेत मॉर्गन उलट्या दिशेने निघाला होता. त्याच्याकडे येणारे दुकानदार, कारखानदार वयाने थोराड. बास्केटबॉलची धक्काबुक्की त्यांना झेपेना. म्हणून या फुटबॉलवाल्याने असा खेळ रचला की समोरच्याच्या अंगाला अंग लागूच नये. मधे नेट टाकलं की ते आपोआप साधतं. रेषेवर आदळण्याचा खेळ खेळलेल्या माणसालाच अशी रेषा सुचू शकते जी ओलांडायचीच नाही, असं मला वाटतं.

आता वादाचा मुद्दा. नेट आलं कुठून? मॉर्गनने पुढे सांगितलं की त्याला आधी टेनिस आठवलं. रॅकेटी वगैरे सरंजाम नको म्हणून टेनिस बाद झालं, पण नेटची कल्पना आवडली. ते त्याने साडेसहा फुटांवर, साधारण माणसाच्या डोक्याच्या वर नेलं. टेनिसवाले याच साक्षीवर दावा ठोकतात. दुसरा दावा फाउस्टबॉलचा. हा जर्मनांचा मुठीने चेंडू मारायचा खेळ, मधे दोरी. तिसरा दावा बॅडमिंटनचा, म्हणजे माझा.

फाउस्टबॉल मला पटत नाही. त्यात चेंडू जमिनीवर टप्पा घेऊ शकतो. मॉर्गनच्या खेळात चेंडू अधांतरीच हवा. टेनिसमध्येही टप्पा चालतोच. चेंडू जमिनीला लागला की डाव गेला, ही अट या तिघांत बॅडमिंटनचीच. टेनिसचं नेट कमरेच्या आसपास, बॅडमिंटनचं पाच फूट. साडेसहाकडे जाणारी वाट पाचवरून जाते. आणि टेनिसवरूनच खेळ काढला असता तर नावात 'मिंटन' कशाला राहिलं असतं?

गुणांची पद्धत बघा. ज्याची सर्व्हिस त्यालाच गुण, हा नियम व्हॉलीबॉलने १९९८ पर्यंत आणि बॅडमिंटनने २००६ पर्यंत पाळला. जालन्यातले जुने खेळाडू अजून सांगतात, "तेव्हा पॉइंट नव्हता मिळत, नुसती सर्व्हिस चेंज व्हायची." बॅडमिंटनच्या जुन्या नियमांत सर्व्हिस करणाऱ्या बाजूला 'इन' म्हणत आणि तिच्या पाळीला 'इनिंग्ज'. मॉर्गनच्या पहिल्या नियमांतही सामना नऊ इनिंग्जचा आहे. इथे बेसबॉलवाले हात वर करतील. नऊ हा आकडा बेसबॉलचाच, ते मी देऊन टाकतो. पण बेसबॉलची इनिंग फलंदाजीची असते, मॉर्गनची सर्व्हिसची आहे. एक खरा अडथळा मात्र आहे. सर्व्हिसवाल्यालाच गुण ही चाल रॅकेट्स या इंग्रजी भिंतीच्या खेळातून आली आणि लॉन टेनिसच्याही अगदी पहिल्या नियमांत ती होती. पण १८९५ च्या टेनिसने ती कधीच टाकली होती. मॉर्गनच्या डोळ्यांसमोर ती जिवंत होती ती बॅडमिंटनमध्येच.

बॅडमिंटन अमेरिकेत गेलं कसं? न्यूयॉर्कचा बॅडमिंटन क्लब १८७८ चा. तो काढणाऱ्यांपैकी एक इंग्लंडहून परतला होता आणि दुसरा, बायर्ड क्लार्क, हिंदुस्थानातून. माझ्या सगळ्या मांडणीचा खुंटा हा क्लार्क आहे.

पुण्याचाही हक्क तपासून घ्यायला हवा. बॅडमिंटनच्या बहुतेक इतिहासांत पहिले नियम १८७३ च्या सुमारास पुण्यात बांधले गेले असं दिलेलं असतं. इंग्रजांचा प्रतिदावा ग्लॉस्टरशायरमधल्या ड्यूक ऑफ ब्यूफर्टच्या बॅडमिंटन हाउसचा. शिवाय लंडनच्या आयझॅक स्प्रॅट या खेळणी विकणाऱ्याने १८६० मध्येच 'बॅडमिंटन बॅटलडोर' या नावाची पुस्तिका काढली होती. तेव्हा नाव त्यांचं, यात वाद नको. फूल, म्हणजे शटलकॉक, उडवत राहण्याचा खेळ तर त्याहून जुना, अनेक देशांचा. पण फूल उडवत राहणं वेगळं आणि नेटपलीकडच्याला हरवणं वेगळं. हा दुसरा, चुरशीचा खेळ छावणीतल्या अधिकाऱ्यांनी घडवला आणि रजेवर जाताना विलायतेला नेला. वारा असला की ते फुलाऐवजी लोकरीचा चेंडूही घेत. फुलाच्या जागी चेंडू ही अदलाबदल मॉर्गनच्या आधीच आपल्याकडे झालेली होती.

मॉर्गनचं नाव वर्षभरच टिकलं. १८९६ मध्ये स्प्रिंगफील्डच्या परिषदेत त्याने खेळ करून दाखवला, पाच-पाच जणांचे दोन संघ. एकाचा कर्णधार होलिओकचा महापौर, दुसऱ्याचा तिथल्या अग्निशमन दलाचा प्रमुख. बघणाऱ्यांतला आल्फ्रेड हॉलस्टेड म्हणाला, हे तर चेंडू व्हॉली करणं आहे. मिंटोनेट तिथेच गेलं आणि त्याबरोबर पुण्याची खूणही पुसली गेली. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

त्याच पुण्याच्या नावाने पुढे खरा अमेरिकन फुटबॉल आला. २०११ मध्ये एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडिया जाहीर झाली. तिच्या पाठीशी माइक डिटका, कर्ट वॉर्नर यांच्यासारखे तिकडचे दिग्गज होते, अभिनेता मार्क वॉलबर्ग होता, आणि ग्रीन बे पॅकर्सकडून खेळलेला, भारतीय वडिलांचा मुलगा ब्रँडन चिलारही. रग्बी, कबड्डी, अ‍ॅथलेटिक्समधली मुलं गोळा करून त्यांना हेल्मेट आणि शोल्डर पॅड चढवले. सामने आधी चित्रित केले आणि मग टेन स्पोर्ट्सवर दाखवले. अंतिम सामन्यात पुणे मराठाज संघाने दिल्ली डिफेंडर्सला ६-० हरवलं. विजेतेपद पुण्याचं. पण ज्या शहराचं नाव छातीवर, त्या शहराने शिट्ट्या मारायला मैदानात जायचं तर मैदान कुठलं? एका खेळाडूच्या सरंजामाच्या पैशात शाळेची वर्षाची क्रीडासामग्री यावी. पुढचा हंगाम लांबत गेला आणि मराठाज विरून गेले. ती मुलं मनापासून खेळली होती. लाट्रोबला गाव होतं म्हणून चौदा वर्षं निघाली. इथे गावच नव्हतं.

व्हॉलीबॉल आपल्याकडे वायएमसीएनेच आणला. हॅरी क्रो बक या अमेरिकन शिक्षकाने १९२० मध्ये मद्रासला व्यायामशिक्षणाची शाळा काढली आणि तशा शाळांतून शिकलेले शिक्षक गावोगाव पसरले. या खेळाला दोन लोखंडी पाइप, एक नायलॉनचं नेट आणि फक्कीच्या चार रेषा पुरतात. पाइप नसला तर नेटची एक बाजू लिंबाला बांधतात. लिफ्टर बुटका चालतो, शूटर उंच लागतो, आणि पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं पळून आली की त्यांनाही जागा मिळते. त्याचाच भाऊ शूटिंगबॉल. तोही मराठवाड्यात वेगळ्या नियमांनी जोरात खेळला जातो.

राहिला जालन्याचा स्वतःचा दुवा. निजामाच्या मुलखात असूनही इथे इंग्रजांची छावणी होती, हैदराबाद कंटिंजंटची पलटण होती, गोरे अधिकारी होते. पुण्यात रुळलेला खेळ अशा छावण्यांत बदलीवर येणाऱ्या अधिकाऱ्यांबरोबर फिरणारच. तेव्हा बायर्ड क्लार्क न्यूयॉर्कला पोचला त्याच्या आधी जालन्याच्या छावणीत नेट लागलं होतं, असा माझा अंदाज आहे. ज्याला तो खोडायचा असेल त्याने त्या पलटणीच्या मेसचे हिशेब काढून दाखवावेत. फुलं आणि लोकरीचे चेंडू कुठून मागवले ते त्यातच सापडेल.