रेणवीय चिन्हके : बहुवर्षायू फळझाडे व फुलझाडे

झाडाच्या डीएनएमधील, प्रयोगशाळेत ओळखता येणारा आणि वारशाने पुढे उतरणारा फरक म्हणजे रेणवीय चिन्हक. एखाद्या गुणाच्या जनुकालगत असे चिन्हक सापडले, की तो गुण प्रत्यक्ष दिसण्याआधीच रोपाच्या पानावरून कळतो. भंडारा जिल्ह्यातल्या दिघोरीसारख्या गावांच्या भातपट्ट्यात पिकाची एक पिढी हंगामात संपते. शेजारच्या नागपूर-अमरावतीच्या संत्रापट्ट्यात मात्र बियांपासून वाढवलेले झाड पहिले फळ धरायलाच साधारण पाच ते आठ वर्षे घेते. तेवढा काळ शेकडो निरुपयोगी रोपे पोसण्याचा खर्च चिन्हकांमुळे वाचतो.

चिन्हके शोधण्याचे आरएफएलपी (डीएनए ठरावीक जागी कापून तुकड्यांच्या लांबीतला फरक पाहणे) हे तंत्र 1980 मध्ये मानवी जनुकनकाशासाठी सुचवले गेले. पुढे आरएपीडी, एसएसआर (डीएनएतल्या छोट्या पुनरावृत्त तुकड्यांची लांबी पाहणे) आणि एसएनपी (डीएनएच्या एका अक्षराचा फरक पाहणे) ही सोपी किंवा अधिक नेमकी तंत्रे आली.

लिंबूवर्गीय झाडांत या तंत्रांचे पहिले काम रोग शोधण्याचे नसून रोपांची जात-कुळी ओळखण्याचे आहे. नागपुरी संत्र्याच्या एका बीमध्ये अनेक गर्भ असतात. त्यांतला बहुधा एकच परागणातून येतो. बाकीचे मातेच्या ऊतीतून तयार होतात आणि जनुकांनी मातेसारखेच असतात. जंबेरी व रंगपूर लिंबू या कलमाच्या खुंटांचेही तसेच. संत्रापट्ट्यातल्या शेंदूरजनाघाटच्या रोपवाटिकेत हे वरदान ठरते, कारण बियांची असूनही खुंटांची रोपे एकसारखी निघतात. वेगळी दिसणारी उपटून टाकली जातात. पैदासकाराला मात्र खरा संकरच हवा असतो. परागकण त्रिपर्णी संत्र्याचे असतील, तर संकर तीन पर्णिकांवरून डोळ्यांनीच ओळखता येतो. संत्रा आणि पपनस यांच्या संकरात अशी सोय नाही. तिथे एसएसआर लागते. ट्रिस्टेझा विषाणूला प्रतिकार करणारे त्रिपर्णी संत्र्यातील जनुक एकच व प्रभावी असल्याने त्याची चिन्हके खुंटांच्या पैदाशीत उपयोगी पडतात. चिनी संशोधकांनी 2017 मध्ये बहुगर्भतेशी निगडित जनुक आणि त्यात घुसलेला डीएनएचा छोटा तुकडा दाखवून दिला. त्यामुळे एकगर्भी मातावृक्ष रोपावस्थेतच निवडणे शक्य झाले.

द्राक्षात बीविरहितपणाची, तर गुलाबात काळ्या ठिपक्यांच्या रोगाला प्रतिकार करणाऱ्या जनुकाची चिन्हके ज्ञात आहेत. फुलझाडांतले काम तरीही संथ चालते. बागेतले बहुतेक गुलाब चतुर्गुणित, तर शेवंती प्रामुख्याने षड्गुणित असल्याने प्रत्येक जनुकाच्या चार-सहा प्रती असतात आणि हिशेब किचकट होतो.

या तंत्राचा गवगवा जितका होतो, तितकी त्याची पोच नाही. चव, उत्पन्न, टिकाऊपणा हे गुण अनेक जनुकांवर आणि बहारावर, मातीवर अवलंबून असतात. फांदीच्या डोळ्यातल्या उत्परिवर्तनातून आलेले वाण तर नेहमीच्या एसएसआरला बहुधा ओळखू येत नाहीत. थॉम्पसन सीडलेस हे द्राक्ष आणि त्यातून तासगाव भागात निवडलेले तास-ए-गणेश यांची डीएनए ठसेतपासणी बहुतेक वेळा सारखीच दिसते. बागायतदार मात्र मण्यावरून दोन्ही वेगळे सांगतो. भारताच्या 2001 च्या वाणसंरक्षण कायद्यात वृक्ष व वेलींच्या वाणांना एकूण 18 वर्षे संरक्षण मिळते, आणि नोंदणीसाठी वाणाचे वेगळेपण मुख्यतः पान, फूल व फळ यांच्या दिसणाऱ्या लक्षणांवरूनच तपासले जाते.