मिशनरी गेल्यानंतरचे मिशन

मिशनकार्याचा इतिहास म्हणून आपण बहुधा मिशनऱ्यांचाच इतिहास लिहितो. शाळा, छापखाना, व्याकरण, कोश अशी प्रकरणे पडत जातात आणि ज्यांनी तो धर्म स्वीकारला ते लोक परिशिष्टात जाऊन बसतात. दक्षिण सुदानातील डिंका लोकांची हकीकत या मांडणीत बसत नाही, म्हणूनच ती आम्हांला महत्त्वाची वाटते.

चर्च मिशनरी सोसायटीचे लोक नाईलकाठी बोरजवळ मलेक येथे पोहोचले ते १९०५ च्या अखेरीस. आर्चिबाल्ड शॉ यांनी तेथे तीन दशकांहून अधिक काळ काढला. शाळा निघाली, बायबलचे भाग डिंका भाषेत आले. धर्मांतरे मात्र थोडीच झाली. शाळेत गेलेला मुलगा गुरांपासून तुटतो, ही भीती गोपालक समाजाला पुरेशी होती. शिवाय ‘न्हिआलिक’ हा आकाशस्थ परमेश्वर डिंकांकडे आधीपासूनच होता. मिशनऱ्यांनी आपल्या देवासाठी तोच शब्द उचलला. गॉडफ्रे लिनहार्ट यांचा १९६१ चा ग्रंथ वाचला की या धर्मकल्पनेची खोली ध्यानात येते.

१९५५ मध्ये टोरिटच्या बंडाने यादवीला तोंड फुटले. १९५७ मध्ये मिशनच्या शाळा सरकारने ताब्यात घेतल्या आणि १९६४ मध्ये दक्षिणेतून सर्व परदेशी मिशनऱ्यांना घालवून देण्यात आले. हिशेबाने येथे मिशन संपायला हवे होते. पण १९७२ च्या करारानंतर, १९८३ मध्ये दुसरे युद्ध पेटले आणि नेमक्या त्याच काळात बोर भागात ख्रिस्ती धर्म वणव्यासारखा पसरला. १९८४ मध्ये बिशप झालेले नथॅनिएल गरांग बाहेरच्या जगाशी जवळजवळ संबंध नसताना आपल्या लोकांतच हिंडत राहिले, बाप्तिस्मा देत राहिले.

मदतीच्या धान्यासाठी लोक ख्रिस्ती झाले, असे एक स्पष्टीकरण अशा ठिकाणी हमखास पुढे येते. येथे ते टिकत नाही. संयुक्त राष्ट्रांची मोठी मदतमोहीम सुरू झाली १९८९ मध्ये; लाट त्याआधीची आहे.

तिचे खरे वाहन गाणे होते. जुनी भजने म्हणजे युरोपीय चालींवर बसवलेली भाषांतरे. आता मेरी अलुएल गरांग यांच्यासारख्या तरुण स्त्रिया डिंका चालींत स्वतः रचना करू लागल्या. मृत्यू, पळापळ, देवाने पाठ फिरवली की काय ही शंका, असे सारे त्यात आले. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या ना. वा. टिळकांनी ख्रिस्तभक्ती अभंगात आणली, त्याची मराठी वाचकाला येथे आठवण होईल. पण टिळकांच्या मागे लिखित काव्याची शतके उभी होती आणि पुढे छापखाना. येथे पाठांतर आणि पायवाट एवढेच.

१९९१ च्या ऑगस्टमध्ये बंडखोर सेना फुटली. नोव्हेंबरात रिएक माचार यांच्या बाजूच्या नुएर टोळ्यांनी बोरवर हल्ला केला. अ‍ॅम्नेस्टीच्या अंदाजाने किमान दोन हजार माणसे मारली गेली, आणि गुरे लुटली गेली. पूर्वजांच्या देवतांना, ‘जॉक’ना, बळी द्यायचा तो गुरांचा. गुरेच गेल्यावर रक्षण न करणाऱ्या देवतांचे करायचे काय? पुष्कळांनी देवस्थाने आणि पिढीजात पवित्र वस्तू जाळल्या. हा विजयाचा सोहळा म्हणून सांगणारे लेखन आम्हांला खटकते. त्या राखेत एका समाजाची स्मृतीही होती. जाळणारे मात्र स्वतः डिंकाच होते, कोणी गोरा पाद्री नव्हे, हे विसरून केवळ हळहळणेही बरोबर नाही. वडिलोपार्जित काठ्यांच्या जागी त्यांच्या हाती क्रूस आले. काहींवर बंदुकीच्या काडतुसांचे धातू ठोकलेले.

इथिओपियातील छावण्या १९९१ मध्येच मोडल्या होत्या. १९९२ पासून हजारो मुले आणि माणसे केनियातील काकुमा येथे जमली, आणि गाणी त्यांच्याबरोबर तेथे गेली.

नुएरांतही तोवर ख्रिस्ती धर्म रुजत होता. एकाच धर्माने दोन जमातींमधले वैर आपोआप मिटले नाही. त्यासाठी चर्चच्या पुढाकाराने १९९९ मध्ये वुनलित येथे दोन्ही बाजूंची बैठक भरवावी लागली. २०११ मध्ये देश स्वतंत्र झाला. डिसेंबर २०१३ मध्ये पुन्हा युद्ध सुरू झाले, बोर वारंवार हातोहात बदलले, आणि तेथील कॅथेड्रलच्या आवारात आश्रय घेतलेल्या स्त्रिया मारल्या गेल्या. वाचलेले लोक नाईल ओलांडून मिंगकामानला गेले.