दहा नंबरची दोन घरे : लंडनमधील एका काटकसरी दिवसाचा इतिहास

लंडन म्हणजे खर्चाचे शहर, हा समज मराठी घरांत पक्का आहे आणि तो खोटाही नाही. मात्र तिकडे जाऊन आलेल्या मराठी माणसांचा जमाखर्च मांडला, तर त्यात एक गंमत दिसते. या शहरात राहणे महाग, जेवणे महाग आणि न्याय तर फारच महाग. पाहणे आणि वाचणे मात्र जवळजवळ फुकट. ज्यांनी हे ओळखले त्यांनी लंडनकडून सर्वांत जास्त वसूल केले.

आपल्याकडे विलायतेचा खर्च उभा करणे हा एक इतिहासच आहे. पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडला निघाल्या, तेव्हा ‘स्त्रीधर्मनीति’ या आपल्या पुस्तकाच्या विक्रीतून त्यांनी प्रवासखर्चाची सोय केली. तेव्हापासून शिष्यवृत्ती, कर्ज, वर्गणी आणि पुस्तकविक्री हेच आपले विलायतेचे चार रस्ते राहिले.

मला लंडनमध्ये एक पूर्ण दिवस मोकळा मिळाला तेव्हा तो या दृष्टीने पाहायचे ठरवले. बसचे भाडे पावणेदोन पौंड, तासाभराच्या आत दुसरी बस धरली तर तिचे वेगळे पैसे नाहीत, आणि दिवसभर कितीही बस बदलल्या तरी सव्वापाच पौंडांच्या वर कापले जात नाहीत. सदाशिव पेठेतल्या माणसाला एवढा हिशेब तोंडपाठ होतोच. लंडन आय, मेणाचे पुतळे, राजवाडा हे समूहसहलीच्या बसला सोडून दिले. तीन घरे आणि एक घुमट, एवढाच माझा कार्यक्रम होता.

पहिले घर उत्तरेला हायगेटच्या चढावर, ६५ क्रॉमवेल ॲव्हेन्यू. श्यामजी कृष्णवर्मांचे ‘इंडिया हाउस’ ते हेच. १ जुलै १९०५ रोजी हिंडमन यांच्या हस्ते ते उघडले. भारतीय विद्यार्थ्यांना परवडणारी राहण्याची जागा मिळावी, हा त्याचा उघड उद्देश. म्हणजे मुळात ते एक वसतिगृह. पुण्याहून लोकमान्यांची शिफारस आणि सरदारसिंह राणा यांनी ठेवलेली शिवाजी शिष्यवृत्ती एवढ्या बळावर विनायक दामोदर सावरकर १९०६ साली इथे आले. बाहेरून पाहता हे चारचौघांसारखे विटांचे घर आहे. निळा गोल फलक नसता तर मान वर करून पाहण्याचे कारण नव्हते.

दुसरे घर पॅडिंग्टनजवळ कालव्याच्या काठच्या शांत वस्तीत, १० हाउली प्लेस. इथे १९१८-१९ मध्ये लोकमान्य राहिले. विंचूरकर वाड्याच्या आमच्या पेठेला या पत्त्याचे विशेष वाटावे, कारण गायकवाड वाड्यात जाण्यापूर्वी टिळकांचे बिऱ्हाड विंचूरकर वाड्यात होते. स्वामी विवेकानंद १८९२ साली त्यांच्याकडे उतरले तेही तिथेच. लंडनला मात्र टिळक पाहुणे म्हणून नव्हे, तर वादी म्हणून गेले. व्हॅलेंटाइन चिरोल यांनी १९१०च्या ‘इंडियन अनरेस्ट’मध्ये केलेल्या बदनामीबद्दल त्यांनी खटला भरला होता. टिळकांच्या बाजूने सर जॉन सायमन, चिरोल यांच्या बाजूने सर एडवर्ड कार्सन. फेब्रुवारी १९१९ मध्ये निकाल टिळकांच्या विरुद्ध गेला आणि खर्चाचा असा डोंगर उभा राहिला की तो फेडायला महाराष्ट्रात वर्गणी काढावी लागली. बासष्ट वर्षांचा मधुमेही माणूस, परकी थंडी आणि वकिलांची बिले. तरीही ते लगेच परतले नाहीत. संसदेच्या संयुक्त समितीपुढे साक्ष देऊन, मजूर पक्षाच्या लोकांशी संबंध जोडून ते १९१९ च्या अखेरीस आले.

तिसरे घरही दहा नंबरचेच. प्रिमरोझ हिलच्या टेकडीला लागून १० किंग हेन्रीज रोड. १९२१-२२ मध्ये इथे डॉ. आंबेडकर राहत. ते पहिल्यांदा १९१६ साली लंडनला आले, पण बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ मध्ये अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. बडोद्यात नोकरीवर रुजू झाले तर राहायला जागा मिळेना; पारशी विश्रामगृहातूनही बाहेर काढले गेले. पुढे सिडनहॅम कॉलेजातल्या प्राध्यापकीच्या पगारातून केलेली बचत, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले कर्ज असे सगळे एकत्र करून १९२० साली ते पुन्हा गेले. या वास्तव्यातली उपासमार चरित्रकारांनी लिहून ठेवली आहे : सकाळी घरमालकिणीने दिलेला पावाचा तुकडा, थोडा मासा आणि चहा, रात्री भाजलेले पापड. या दोन्हींच्या मधला सारा दिवस ब्रिटिश म्युझियममध्ये.

किंग हेन्रीज रोडपासून म्युझियम चार किलोमीटरच्या पुढे आहे. सदाशिव पेठेतून पुणे स्टेशन गाठावे इतके. मी ते चालत गेलो. ब्रिटिश म्युझियम १७५९ पासून लोकांसाठी खुले आहे आणि १९७४ मधले मोजके महिने सोडले तर तिथे प्रवेशाला पैसे पडलेले नाहीत. मधोमध तो प्रसिद्ध गोल वाचनकक्ष. घुमटाचा व्यास १४० फूट. तो उघडला मे १८५७ मध्ये, म्हणजे मीरतची ठिणगी पडली त्याच महिन्यात. इथे बसायला वाचकपत्र लागे, त्यासाठी शिफारसही लागे. पैसा लागत नसे. मार्क्स इथेच वाचत बसे.

त्या १८५७ चा इतिहास सावरकरांनी पन्नास वर्षांनी लंडनच्याच ग्रंथालयांत शोधला. इंडिया ऑफिसच्या ग्रंथालयात राज्यकर्त्यांचेच कागद वाचून त्यांनी राज्यकर्त्यांच्या विरुद्ध पुस्तक लिहिले. हेतू लक्षात आल्यावर त्यांचा तिथला प्रवेश बंद झाला, असे चरित्रांतून येते. मूळ मराठी हस्तलिखित छापता आले नाही. इंग्रजी भाषांतर १९०९ साली हॉलंडमध्ये छापले गेले आणि त्यावर बंदी तर प्रकाशनाआधीच आली होती. आंबेडकरांनी याच शहरात १९२१ मध्ये एम.एस्सी. आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. मिळवली. ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा प्रबंध त्याच वर्षी ग्रंथरूपाने आला. साम्राज्याच्या चलननीतीची चिकित्सा त्यांनी साम्राज्याच्याच राजधानीत केली. त्यांचे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि टिळकांचा खटला चालला ते स्ट्रँडवरचे न्यायालय यांत काही मिनिटांचेच अंतर आहे. एका इमारतीने लाखो रुपये घेतले आणि पराभव दिला. म्युझियमच्या घुमटाने काहीच न घेता दोन ग्रंथांना हात दिला.

इंग्रजांच्या उदारपणाचे पोवाडे गाण्याचा माझा हेतू नाही. त्या कपाटांत आपलेच कागद होते आणि ते कसे गेले हे आपल्याला ठाऊक आहे. तरी बडोद्यात ज्याला खोली मिळाली नाही त्याला इथे खुर्ची मिळाली, याकडे डोळेझाक करता येणार नाही. वाचणाऱ्याची जात आणि ऐपत न विचारणारी एक जागा शहरात असली, तर एका माणसाचे आणि त्याच्यामागच्या लाखोंचे काय होऊ शकते, याचा हा पुरावा आहे.

किंग हेन्रीज रोडवरचे ते घर महाराष्ट्र शासनाने २०१५ साली तीस लाखांहून अधिक पौंड मोजून घेतले. ते संग्रहालय म्हणून ठेवण्यावरून स्थानिक प्रशासनाशी वाद झाला, तो २०२० मध्ये मिटला. घर घेतले हे योग्यच झाले. पण पापड खाऊन राहिलेल्या त्या विद्यार्थ्याचे खरे ऋण घुमटाखालच्या खुर्चीशी आहे, आणि अशा खुर्च्या आपल्याकडे किती उरल्या आहेत हे मोजायला लंडनला जावे लागत नाही. राजवाडे आणि मेहेंदळे यांनी १९१० साली भारत इतिहास संशोधक मंडळ काढले. आमच्या पेठेतल्या त्या इमारतीत माझ्यासारख्या पदवी नसलेल्या माणसानेही जुने कागद हाताळले आहेत. गावोगावची सार्वजनिक वाचनालये आज दिवा, माणूस आणि छप्पर यांसाठी झगडताहेत. थोरांची घरे विकत घेता येतात. उपाशीपोटी वाचायला बसलेल्या पुढच्या मुलासाठी खुर्ची मात्र रोज उघडी ठेवावी लागते, आणि तो खर्च दरवर्षी करावा लागतो.